मामा तलावाचे गाव जागतिक वारसा ठरू शकते का? कशाच्या बळावर, आणि अडते कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इटलीतल्या शेतांच्या टेकड्या, फिलिपाईन्समधली भातखाचरे, बालीतले पाट यांना जागतिक वारसा म्हणून संरक्षण मिळते. तिथे किल्ला नाही, लेणी नाहीत. मग रक्षण नेमके कशाचे होते? आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर धान पिकवणाऱ्या गावांना असा दर्जा मिळू शकतो का? मिळवायचा तर सुरुवात कुठून करायची?

शेताशिवाराला दर्जा देताना परीक्षक मुख्यतः तीन गोष्टी बघतात. पाण्याची आणि जमिनीची वाटणी कोणत्या रीतीने होते, ती रीत आजही चालू आहे का, आणि ती उद्या बंद पडली तर डोळ्यांना दिसणारे काय काय नाहीसे होईल. देखावा हा या रीतीचा परिणाम. म्हणून प्रस्तावाची सुरुवात ड्रोनने काढलेल्या फोटोंनी करणारे बहुतेक ठिकाणी पुढे अडतात, आणि तुडूम, म्हणजे तलावाचे शेतात पाणी सोडायचे तोंड, कोण उघडतो इथून सुरुवात करणाऱ्यांना निदान आपल्याजवळ काय आहे हे तरी कळते.

थोडी पार्श्वभूमी. जागतिक वारसा करार १९७२ चा. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला. पहिली वीस वर्षे यादीत एकीकडे वास्तू आणि दुसरीकडे जंगले-डोंगर अशी विभागणी होती. शेत दोन्हींत बसत नव्हते. करारात मात्र ‘निसर्ग आणि मानव यांची संयुक्त निर्मिती’ असे शब्द पहिल्यापासून होते. त्यांच्या आधारे १९९२ मध्ये ‘सांस्कृतिक भूदृश्य’ हा प्रकार मान्य झाला. त्याचे तीन भेद आहेत. पहिला, आखून केलेल्या बागा-उद्याने. दुसरा, पिढ्यान्‌पिढ्या वापरातून घडत गेलेली जमीन. यात काही ठिकाणी ती घडण कधीच थांबलेली असते, तर काही ठिकाणी अजून चालू असते. तिसरा, श्रद्धेने जोडलेली भूमी. माओरींचा पवित्र डोंगर असलेले न्यूझीलंडचे टोंगारिरो १९९३ मध्ये याच भेदात सर्वांत आधी मान्य झाले. आपले तलाव-धानाचे गाव दुसऱ्या भेदातल्या ‘चालू’ शाखेत येते, आणि हीच शाखा सिद्ध करायला सर्वांत अवघड आहे. चालू आहे म्हटल्यावर ती बदलणार. मग कुठला बदल चालतो आणि कुठला चालत नाही, याचे उत्तर प्रस्तावातच द्यावे लागते.

एकूण निकष दहा. पहिले सहा सांस्कृतिक. ग्रामीण भूदृश्याला बहुधा पाचवा लागू पडतो: परंपरागत वस्ती किंवा जमीन-पाणी वापरण्याच्या पद्धतीचे असाधारण उदाहरण, विशेषतः परत न फिरणाऱ्या बदलांमुळे ती पद्धत धोक्यात आलेली असताना. पण पाचवाच हवा असे नाही. तस्कनीतल्या वाल दोर्चाला २००४ मध्ये दर्जा मिळाला तो चौथ्या आणि सहाव्या निकषावर. चौदाव्या-पंधराव्या शतकात सिएना नगरराज्याने ही दरी उत्तम राज्यकारभाराचा नमुना म्हणून मुद्दाम नव्याने मांडली आणि सिएनाच्या चित्रकारांनी ती रंगवली. त्या चित्रांमुळे युरोपची निसर्गाकडे पाहण्याची नजर घडली. ‘आमचीही शेते तितकीच सुंदर आहेत’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. वाल दोर्चाचा दावा वेगळा, आपला वेगळा.

जुनेपणाचेही तेच. फिलिपाईन्समधल्या इफुगाओ भागातली खाचरे १९९५ मध्ये यादीत आली. ती दोन हजार वर्षांची आहेत असे सर्रास लिहिले जाई. पुढे उत्खनन करणाऱ्या अभ्यासकांनी दाखवले, की तिथली पाण्यातली भातशेती बहुतांशी सोळाव्या शतकानंतर वाढली. दर्जाला त्याने धक्का लागला नाही, कारण दर्जा वयासाठी नव्हताच. डोंगरमाथ्यावर घराण्यांनी राखलेले रान, त्या रानातून झिरपून येणारे पाणी आणि खाली खाचरे, अशी ती साखळी होती. धक्का लागला तो वेगळ्या कारणाने. तरुण गाव सोडून गेले, बांध ढासळू लागले, व्यवस्थापनाचा नीट आराखडा नव्हता. २००१ मध्ये ती खाचरे धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेली आणि २०१२ मध्येच बाहेर आली. मामा तलाव तीन-चारशे वर्षांचेच आहेत म्हणून कमीपणा मानणाऱ्यांनी आणि ते हजार वर्षांचे आहेत असे ठोकून देणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात घ्यावे.

बालीचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. तिथे पाण्यावर ‘सुबक’ नावाच्या शेतकरी-मंडळांचा ताबा असतो आणि पाळ्या जलमंदिरांच्या पंचांगाने ठरतात. १९७० च्या दशकात सरकारने नवी बियाणी देऊन सांगितले, की जितक्या वेळा पेरता येईल तितके पेरा. प्रत्येकाने आपापल्या सोयीने पेरले. पाणी अपुरे पडले आणि किडींचा उद्रेक झाला, कारण आधी शेकडो एकर एकाच वेळी पडीक राहत तेव्हा किडीला खायला काही उरत नसे. पुढे अभ्यासकांनी गणिताने दाखवून दिले, की मंदिरांचे वेळापत्रक पाणी आणि कीड दोन्ही सांभाळत होते. २०१२ मध्ये सुमारे साडेएकोणीस हजार हेक्टरांचा हा परिसर यादीत आला. चीनमधल्या होंगहे-हानी खाचरांनाही (२०१३) असाच दर्जा मिळाला. वर रान, मध्ये गाव, खाली खाचरे, आणि पाटात आडवे लाकूड टाकून त्यात प्रत्येकाच्या हिश्शाएवढी खाच. ती खाच म्हणजे लिखित करारच.

आता आपल्याकडे या.

‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, एकेकाळी मालगुजारांच्या (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले. पूर्व विदर्भात असे तलाव सात हजारांच्या घरात आहेत. बहुतेक सोळाव्या ते अठराव्या शतकातले, गोंड राजवटीतले, आणि बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन, अशी रीत चांद्याच्या गोंड राजांनी पाडली असे परंपरा सांगते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगितला जातो आणि त्यांना देवपण देऊन त्यांचे ठाणेही मानले जाते. घोडाझरी, असोलामेंढा हे ब्रिटिश काळातले सरकारी प्रकल्प. त्यांची गणना मामा तलावांत करू नका; एका प्रस्तावात दोन्ही मिसळले तर परीक्षकांना पद्धतच समजत नाही.

या भागात वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. मग इतके तलाव कशाला? इथेच या व्यवस्थेचे मर्म आहे. पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरात आटोपतो. हलके धान तोवर निघायला येते. पण भारी धान सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लोंबीवर असते. त्या वेळी पंधरा दिवस कोरडे गेले की दाणा भरत नाही, लोंबी उभी राहते, हाताने चोळली तर फोलच निघते. तलाव बांधला तो या एका-दोन पाण्यांसाठी. शिवाय कोहळी उसाचे जाणकार, आणि ऊस बारमाही. त्यामुळे पाळीखालची जमीन ऊस-बागायतीला, तिच्या पुढे धान, अशी उतरंड आपोआप ठरे.

पाण्याची नोंद घेणाऱ्याने एका तलावाचे भाग नावानिशी पाहावेत. वर पाणलोट, बहुधा रान. मग तलावाचा उथळ काठ, जिथे देवधान (आपोआप उगवणारा रानभात), कमळ, पाणगवत आणि पाणपक्षी असतात. मग खोल पोट. पाळ मातीची. जादा पाणी जाते ते सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून. आणि शेतात पाणी सोडायचे तोंड म्हणजे तुडूम. जुने तुडूम शिल्लक असेल तिथे पाणी उतरलेले असताना जवळून बघा. तोंडे एकाखाली एक असतात, डाट मारून बंद केलेली. पाणी उतरेल तसा वरचा डाट आधी निघतो, मग खालचा. यात पोटातला गाळ पाटात येत नाही, दाब कमी राहतो आणि तळाचे पाणी माशांना उरते. या जागी एकच लोखंडी दरवाजा तळाशी बसवला की गाळ पाटात येतो, दाबाने तोंडाशी माती खचते आणि एक जण मध्यरात्री चाक फिरवून अख्खा तलाव उतरवू शकतो. दुरुस्ती म्हणून केलेल्या या बदलात वाटणीचा नियमच गेलेला असतो. अस्सलपणा या निकषावर परीक्षक बोट ठेवतात ते इथे.

खाली बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, पाणी पाटाने थोडे आणि बांधीतून बांधीत जास्त जाते. धुऱ्याला (बांधाला) तोंड पाडले की वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत. म्हणून वरच्याने कोणते धान लावले, रोवणी कधी केली, खत कधी टाकले, यावर खालच्याचे नशीब. वरच्याने हलके धान लावून बांधी लवकर सुकवायला घेतली आणि खालच्याचे भारी धान अजून निसवायचे असेल तर भांडण ठरलेलेच. जिथे गाव अजूनही रोवणीआधी बसून कोणत्या पट्टीत काय लावायचे ठरवते, तिथे ही व्यवस्था जिवंत आहे असे समजा. जिथे प्रत्येकाने बोअर मारली आहे, तिथे तलाव दिसतो तेवढाच उरलेला असतो.

शेवटच्या पाण्याचे आणखी एक काम आहे आणि ते प्रस्तावांत बहुधा सुटते. धान कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी उभ्या पिकात लाखोळीचे, म्हणजे लाखेच्या डाळीचे, बी फेकतात. बांधीत चिखलाएवढी ओल हवी. पाणी साचलेले असेल तर बी कुजते, भेग पडली असेल तर रुजत नाही. म्हणजे तुडूम कोणत्या दिवशी बंद करायचे यावर खरिपाचा दाणा आणि रब्बीची डाळ दोन्ही अवलंबून. नांगरट नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. एका पाण्यावर दोन पिके उभी करणारी ही युक्ती जगापुढे मांडण्यासारखी आहे.

गाळाचा हिशेब एकदा करून पाहा. १० हेक्टर पोटाच्या तलावात अर्धा मीटर गाळ साचला तर ५० हजार घनमीटर पाणी गेले. धानाला एक उशिराचे पाणी साडेसात सेंटिमीटर धरले तर एकरी साधारण ३०० घनमीटर लागते. पाझर आणि पाटातली गळती यांत निम्मे गेले असे मानले, तरी सुमारे ८० एकरांचे शेवटचे पाणी त्या गाळाखाली दबले. असा आकडा प्रत्येक तलावाचा काढा. ‘तलावाची दुरवस्था’ या दोन शब्दांपेक्षा तो कितीतरी बोलका असतो.

पण गाळ काढतानाच सर्वांत जास्त नासधूस होते, हेही सांगायला हवे. जेसीबी काठापासून सरळ उभा खड्डा मारत जातो. उथळ काठ गेला की देवधान गेले, मरळ-मागूर यांची अंडी घालायची जागा गेली, सारसाची चरण्याची जागा गेली. तळाची चिकणमाती फुटली तर पाणी पाझरू लागते. पाळीच्या पायथ्याशी खोदले तर पाळ खचते. आणि काढलेला गाळ पाणलोटाच्या बाजूलाच ढिगारा करून ठेवला तर पहिल्या पावसात तो परत आत. रीत अशी: काठाचा उतार तसाच ठेवायचा, पाळीपासून अंतर राखायचे, मधल्या पोटातला गाळ काढायचा, तळाचा चिकण थर दिसला की थांबायचे, गाळ त्याच उन्हाळ्यात शेतात पोचवायचा. काठावर माजणारे बेशरमचे झुडूप मात्र मुळासकट काढावे; कापून टाकलेली फांदी ओल्या जागी पुन्हा रुजते. भंडारा-गोंदियाकडे काही ढिवर मच्छीमार संस्थांनी बेशरम काढून तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत येताना पाहिले. व्यवस्थापन आराखड्यात असे काम घालावे, काठाला दगडी पिचिंग आणि पेव्हर ब्लॉकची फिरण्याची वाट नव्हे.

तलाव शेतकऱ्याचाच नसतो. ढिवरांचे मासे आणि शिंगाडा, गुरांचे पाणी, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळावरचे गाळपेर, कुंभाराची माती, काठावरचे देवठाण. या सगळ्यांना मिळून निस्तार म्हणतात आणि मध्य प्रांताच्या बंदोबस्तात ते हक्क गावागणिक लिहिले गेले. १९५० च्या मालगुजारी निर्मूलन कायद्याने तलाव सरकारकडे आले. आज बहुतेक लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. मालगुजारी गेली हे चांगलेच झाले, पण पाळीची डागडुजी करायचे बंधन ज्याच्यावर होते तो माणूसही गेला आणि त्याच्या जागी टेंडर आले. आपल्या दाव्यातली सर्वांत दुबळी जागा हीच. ती झाकू नका. पाहणीला आलेला तज्ज्ञ पहिल्या दिवशी विचारतो, ‘पाणी सोडायचे कोण ठरवते?’ आणि उत्तराला गावातले चार जण चार दिशांना पाहू लागले तर पुढे फारसे विचारायचे राहत नाही.

याशिवाय सारस. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि आसपासच उरला आहे, आणि घरटे करतो ते बऱ्याचदा धानाच्या बांधीत. मंडई (कापणीनंतरच्या गावजत्रा) आणि झाडीपट्टीची, म्हणजे याच पूर्व विदर्भाची, नाटके धान घरात आल्यावरच्या महिन्यांत होतात. तेही याच पाण्याचे कॅलेंडर. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून एचएमटी धान दिले. या गोष्टी प्रस्तावात हव्यात, पण सजावट म्हणून नकोत. प्रत्येकीचा पाण्याशी धागा दाखवता आला पाहिजे.

आता तुलना. दर्जा मागणाऱ्याला ‘असे दुसरीकडे नाही का?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते आणि बहुतेक प्रस्ताव इथे गळतात. तलावांच्या बाबतीत सर्वांत अवघड तुलना श्रीलंकेशी आहे. तिथल्या कोरड्या भागातली साखळी-तलावांची ‘एल्लंगावा’ पद्धत अन्न व कृषी संघटनेच्या कृषी वारसा यादीत आहे, आणि तिच्या प्रत्येक पट्ट्याला नाव आणि काम आहे: तलावाच्या वरच्या अंगाला वारा अडवणारी झाडे म्हणजे ‘गसगोम्मन’, गाळ गाळून घेणारे गवत म्हणजे ‘पेरहन’, पाळीखाली खार शोषून घेणारी झाडोऱ्याची पट्टी म्हणजे ‘कट्टकडुवा’. तमिळनाडू-तेलंगणातही तलावांच्या साखळ्या आहेतच. मग झाडीपट्टीचे वेगळेपण कशात? तो भाग कोरडा, हा भरपूर पावसाचा. तिथे तलावाशिवाय पीकच नाही, इथे तलाव म्हणजे शेवटच्या पंधरा दिवसांचा विमा. इथे तलाव दाट रानाच्या कुशीत, गोंड राजसत्ता जमीन देणारी, कोहळी बांधणारे, ढिवर पाणी वापरणारे, अशी समाजांची विभागणी. आणि शेवटी लाखोळी. माझ्या मते आपला दावा या चौकटीतच उभा राहतो. ‘आशियातली सर्वांत मोठी तलावव्यवस्था’ असल्या घोषणांवर नाही.

दर्जाचे मार्ग एकच नसतात, आणि सर्वांत मोठ्या दारापासून सुरुवात करणे चुकीचे.

सर्वांत सोपे दार आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाचे. ते शंभर वर्षांहून जुन्या सिंचन रचनांना वारसा म्हणून नोंदतात. अजून चालू असलेल्यांची यादी वेगळी, बंद पडलेल्यांची वेगळी. सिंधुदुर्गातल्या धामापूर तलावाला २०२० मध्ये ही मान्यता मिळाली. प्रस्ताव भारताच्या राष्ट्रीय समितीमार्फत जातो. एका तलावाचा अर्ज चालतो. कायद्याचे संरक्षण यातून येत नाही, पण रचनेचा इतिहास, मोजमापे आणि आजचा वापर एकदा नीट लिहून होतो, आणि पुढच्या दारांना तेच लागते.

दुसरे दार अन्न व कृषी संघटनेच्या ‘जागतिक महत्त्वाच्या कृषी वारसा प्रणालीं’चे. २००२ मध्ये ही योजना सुरू झाली. भारतातल्या तीन जागा त्यात आहेत: काश्मीरचे केशर, ओडिशातले कोरापुट, केरळातले समुद्रसपाटीखालचे कुट्टनाड. निकष पाच: अन्न आणि उपजीविका, पीकवैविध्य, स्थानिक ज्ञान, समाजरचना व मूल्ये, आणि भूदृश्य. सोबत कृती-आराखडा द्यावा लागतो. झाडीपट्टीला सर्वांत नैसर्गिक दार हेच, कारण इथे परीक्षा शेतीची आहे आणि शेतकऱ्याने बदलू नये अशी अपेक्षा नाही. प्रस्ताव केंद्रीय कृषी मंत्रालयामार्फत.

रामसरचा, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पर्याय एखाद्या मोठ्या, पक्ष्यांनी भरलेल्या तलावासाठी. इथे एक कायदेशीर मेख आहे. पाणथळ जागांसाठीच्या २०१७ च्या नियमांतून सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, म्हणून मामा तलाव ‘पाणथळ’ म्हणून सहज सुरक्षित होत नाहीत. रामसर यादीतल्या जागांना मात्र ते नियम लागू होतात, आणि मानवनिर्मित असणे तिथे आड येत नाही. नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामुळेच तयार झाले आणि ते २०१९ मध्ये रामसर झाले.

युनेस्कोचे दार शेवटी. आधी देशाच्या संभाव्य यादीत नाव लागते, किमान एक वर्ष तिथे असावे लागते, आणि देशाला वर्षाला एकच नामांकन पाठवता येते. २०२८ पासूनच्या नामांकनांना प्राथमिक मूल्यांकनही सक्तीचे आहे. आपल्याच देशातून अरुणाचलचे आपातानी खोरे, धान आणि मासे एकत्र घेणारे, २०१४ पासून त्या संभाव्य यादीत आहे. सांस्कृतिक प्रस्ताव भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणामार्फत जातात, तपासणी इकोमॉस ही वारसास्थळांच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था करते. सात हजार तलाव पाठवायचे नसतात. महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण म्हणजे २०२५ मध्ये यादीत आलेली मराठा लष्करी भूदृश्ये: बारा किल्ल्यांची मिळून एक मालिका, प्रत्येक किल्ला त्या गोष्टीतला वेगळा भाग सांगणारा. तसेच आठ-दहा तलावगावे निवडावीत. एक रान शाबूत असलेले, एक जुने तुडूम असलेले, एक वाटणीचे नियम जिवंत असलेले, एक मासेमारीचे. एकच काम करणारी दोन गावे मालिकेत नकोत.

संरक्षण म्हणजे काय मिळते, याबद्दल गावात आधीच स्पष्ट बोला. युनेस्को पोलीस पाठवत नाही आणि मोठा निधीही देत नाही. देश जगापुढे वचन देतो, दर सहा वर्षांनी अहवाल द्यावा लागतो, आणि वचन मोडले तर नाव जाते. ड्रेस्डेनच्या एल्ब नदीकाठच्या भूदृश्याला २००४ मध्ये दर्जा मिळाला. दरीत चौपदरी पूल बांधला म्हणून २००९ मध्ये तो काढून घेतला. खरे संरक्षण देशाच्याच कायद्यांतून आधी उभे असावे लागते. स्वित्झर्लंडच्या लावो द्राक्षमळ्यांना दर्जा २००७ मध्ये मिळाला, पण तिथल्या लोकांनी मतदानाने ते मळे बांधकामापासून १९७७ मध्येच वाचवले होते. आपल्याकडे हत्यारे आहेत: वनहक्क कायदा २००६, ज्यात सामूहिक हक्कांत मासे आणि पाणवठ्यांचाही समावेश आहे, जैवविविधता कायदा २००२ खालची लोक जैवविविधता नोंदवही आणि वारसास्थळाची तरतूद, जिच्याखाली गडचिरोलीतले आलापल्लीचे वनवैभव घोषित झाले, आणि पिकांच्या शेतकरी-वाणांची नोंदणी. ज्या गावांत आदिवासी समाज आहे तिथे त्यांची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती लागते. ग्रामसभेचा ठराव शेवटी घाईने घेतलेला असेल तर तो ठरावच आक्षेपाचे कारण ठरतो.

आता कामाला सुरुवात. पहिली खेप तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयाला: गावाचे निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद), जुना बंदोबस्त नकाशा. नकलेसाठी अर्ज करताना गावाचे जुने नाव, मौजा क्रमांक आणि तलावाचा गट क्रमांक द्या, नाहीतर फाइल सापडत नाही. वाजिब-उल-अर्जातली मोडी लिपी किंवा उर्दू वळणाची भाषा जाणकाराकडून वाचून घ्या. मासे कोणाचे, गाळ कोणाचा, पाळीची डागडुजी कोणी करायची, हे त्यात एकेका ओळीत सापडते. मग सीमा आखा, आणि ती महसुली गावाच्या रेषेने आखू नका. पाणी जिथून तलावात येते ती पाणलोट रेषा आणि शेवटची भिजणारी बांधी, हा गाभा. वरून येणारा ओढा रस्त्याच्या भरावाने किंवा नाली वळवल्याने तुटला असेल तर ते ठिकाण नकाशावर लाल करा. गाभ्याभोवती बफर, म्हणजे संरक्षक पट्टा. रान वनविभागाचे असते, म्हणून त्यांना पहिल्या बैठकीपासून बसवा.

मग एक पूर्ण वर्ष नोंदी. पावसाआधी पाळीची उंची, सलंगाची पातळी, गाळाची जाडी निदान दहा ठिकाणी काठी रोवून. रोवणीत कोणत्या बांधीत कोणते वाण, लुचई, चिन्नोर, दुबराज यांतले काय अजून लावले जाते आणि बी कोणाच्या कोठीतले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून लाखोळी फेकेपर्यंत रोज तुडुमावर एक माणूस हवा: कोणी सांगितले, कोणी उघडले, किती वाजता, कोणत्या पट्टीला, कोणी हरकत घेतली, ती कशी मिटली. उन्हाळ्यात ढिवरांची जाळी, भाव, कोणते मासे किती. या चौथऱ्यावर उरलेले सगळे प्रकरण उभे राहते. नोंदवहीला रेघा मारून घ्या, सही घ्यायला जागा ठेवा, आणि पाणी सोडणाऱ्याचे नाव त्याच्या तोंडून ऐकूनच लिहा. रोजगार हमीच्या मस्टरवरून उतरवून घेऊ नका.